रद्दीतला धागा, कागदावरचा ठसा

पनवेलमध्ये खोक्यांना तोटा नाही. न्हावाशेवाचे बंदर १९८९ साली सुरू झाले आणि मुंबई, पुणे व गोवा या तिन्ही वाटा जिथे भेटतात त्या या परिसरात गोदामे वाढत गेली. तिथून सुटणारा माल पुठ्ठ्यात बसून घरोघर पोहोचतो. माल घरात राहतो, पुठ्ठा जिन्याखाली साठतो. त्याच्या जोडीला वर्ष संपल्यावर उरलेली वह्यांची कोरी पाने, कार्यालयांतले पाठकोरे कागद, वर्तमानपत्रे आणि लग्नसराईत आलेल्या पत्रिका असतात. १८५२ पासून नगरपालिका असलेल्या आणि २०१६ मध्ये महानगरपालिका झालेल्या या शहरात महिन्याकाठी रद्दीवाल्याच्या काट्यावर चढणारा हा ऐवज म्हणजे हातकागदाच्या कलेचा कच्चा माल आहे.

भेटपत्रे, अहेराची पाकिटे, वाचनखुणा, वह्यांची वेष्टने, वाणाच्या पिशव्या अशा वस्तू करायला बसणारे बहुतेक जण आधी दुकानात जातात. रंगीत कार्डे, चमकी, तयार ठसे आणि शाईचे पॅड यांवर पैसे खर्च होतात आणि रद्दी रद्दीच राहते. खरे तर या कलेची सुरुवात रद्दी ओळखण्यापासून होते. कोणत्या कागदात धागा लांब आहे, कोणता पाण्यात विरघळतो, कशावर शाई फुटते आणि कशावर टिकते, एवढे कळले की निम्मे काम झाले. महाराष्ट्रात हे ज्ञान कित्येक शतकांचे आहे.

जुन्नरच्या कुंडापासून पुण्याच्या संस्थेपर्यंत

मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली. त्या स्थलांतरात कारागीरही दख्खनेत आले, आणि दौलताबाद ते खुलताबाद रस्त्यावरचे कागजीपुरा हे गाव कागद करणाऱ्यांचे म्हणून ओळखले जाऊ लागले. तिकडे घाटमाथ्यावर जुन्नरचा कागद नावाजला. पेशवाईत पुण्यातल्या दफ्तराला कागद अपुरा पडू लागला तसे जुन्नरचे कागदी पुण्यात आले. कसबा पेठेतला कागदीपुरा त्यांच्या वस्तीवरून नाव घेऊन उभा आहे.

या कारागिरांनी कागदासाठी झाड तोडले नाही. त्यांचा कच्चा माल म्हणजे झिजलेले दोर, फाटकी गोणपाटे, तागाच्या जुन्या जाळ्या आणि चिंध्या. हे सगळे चुन्याच्या पाण्यात भिजवायचे, पायाने चालवायच्या जड ढेकीखाली कुटायचे, नदीवर धुवायचे आणि पुन्हा कुटायचे. मग जमिनीत बांधलेल्या कुंडाच्या काठाशी बसून गवताच्या काड्यांची चटई ताणलेला साचा पाण्यात बुडवायचा आणि सपाट वर उचलायचा. चटईवर उतरलेला पातळ थर म्हणजे एक ताव. तो भिंतीवर वाळवायचा, त्याला खळ लावायची आणि अकिकासारख्या गुळगुळीत दगडाने घोटायचा. घोटलेल्या कागदावर बोरू अडखळत नाही. आज ज्याला पुनर्वापर म्हणतात तो या धंद्याचा पायाच होता. पेशवे दफ्तरातले हातकागदाचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आजही उलगडून वाचता येतात, कारण त्या कागदांत चिंध्यांचा आणि दोरांचा लांब धागा आहे.

गिरणीच्या स्वस्त कागदापुढे हा व्यवसाय एकोणिसाव्या शतकात खचला. महात्मा गांधींच्या पुढाकाराने १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि तेलघाणी, मधमाशीपालन यांच्याबरोबर हातकागदाकडेही पुन्हा लक्ष गेले. अमेरिकेतले कागदाचे इतिहासकार डार्ड हंटर याच दशकात भारतात हिंडले आणि १९३९ मध्ये त्यांनी इथल्या हातकागदावर स्वतंत्र पुस्तक काढले. पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, रसायनतज्ज्ञ के. बी. जोशी यांच्या खटपटीतून पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था उभी राहिली. तिचे उद्घाटन जवाहरलाल नेहरूंनी केले. संस्थेजवळच्या रस्त्याला आज जोशींचेच नाव आहे. सुती कापडाच्या कातरणांपासून केलेले संस्थेचे कागद चित्रकार, प्रमाणपत्रे छापणारे आणि पत्रिका करून घेणारे अजूनही नेतात. पनवेलहून द्रुतगती मार्गाने दोन-अडीच तासांवर असलेली ही जागा नवशिक्याने एकदा पाहावीच. कापसाच्या कागदाचा खरा पोत बोटांना तिथे कळतो, आणि घरी काय साधायचे आहे याचा अंदाज येतो.

रद्दीची निवड

कागद म्हणजे वनस्पतीचे बारीक धागे पाण्यात मोकळे करून पुन्हा एकत्र बसवलेला थर. ओला थर वाळतो तेव्हा धाग्यांमधल्या सेल्युलोजचे रेणू एकमेकांना धरतात, त्यामुळे तावाला गोंद लागत नाही. कागद पुन्हा भिजवला की ही पकड सुटते. म्हणून रद्दीचा नवा ताव होतो. मात्र दर फेरीत धागे थोडे तुटतात आणि ताठर होतात. सगळी रद्दी सारखी नसण्याचे एक कारण हेच.

वर्तमानपत्राचा कागद लाकूड दळून केलेला असतो. त्यात लाकडातले लिग्निन हे द्रव्य राहते, आणि उजेडात ते पिवळे पडते. त्याचा लगदा लवकर होतो, पण तावाला राखाडी छटा येते आणि तो ठिसूळ राहतो. खोकी, मुखवटे किंवा लगद्याच्या वाट्या करायला तो ठीक आहे, जपून ठेवायच्या पत्राला नाही. वह्यांचा आणि प्रिंटरचा पांढरा कागद रासायनिक प्रक्रियेने लिग्निन काढून टाकलेला असतो, त्यामुळे भेटपत्रासाठी तोच उत्तम. तपकिरी पुठ्ठ्यात मजबूत धागा असतो. मूठभर पुठ्ठा पांढऱ्या लगद्यात मिसळला तर तावाला बळ येते आणि गव्हाळ रंगही मिळतो. गुळगुळीत चकचकीत मासिकांच्या पानांवर चिकणमातीचा लेप असतो. लगद्यात त्याचा गाळ होतो, म्हणून ती पाने कापून चिकटकामाला ठेवावीत.

काही कागद बादलीत घालूच नयेत. दुकानातली गुळगुळीत बिले उष्णतेने छापली जातात आणि त्यांच्या लेपात बिस्फिनॉल ए किंवा तशीच रसायने असू शकतात. दुधा-सरबताच्या चौकोनी डब्यांत कागदाला प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम चिकटलेले असते. सोनेरी पन्नीच्या लग्नपत्रिकाही भिजवण्यात अर्थ नाही. त्यांचा उपयोग वेगळ्या कामाला होतो. पत्रिकेचे जाड कार्ड आतल्या बाजूला बहुधा कोरे असते. ते उलटे दुमडले की अहेराचे पाकीट होते, पट्टी कापली की वाचनखूण होते, आणि गणपतीचे किंवा तोरणाचे चित्र कातरून भेटपत्रावर बसवता येते.

घरचा ताव

ए-४ आकाराचा, चौरस मीटरला ८० ग्रॅमचा एक कागद जवळजवळ पाच ग्रॅम भरतो. म्हणजे दहा पाठकोरे कागद घेतले की पन्नास ग्रॅम धागा हाती आला. त्यातून वहीच्या अर्ध्या पानाएवढे, भेटपत्राला शोभतील असे जाडसर चार-पाच ताव निघतात.

कागदाचे बोटाएवढे तुकडे फाडावेत. कात्रीने कापले तर धागा तुटतो, फाडले तर तो ओढला जाऊन लांब राहतो. तुकडे रात्रभर भिजवावेत आणि भरपूर पाण्यासह मिक्सरमध्ये थोडे थोडे फिरवावेत. हे भांडे स्वयंपाकाला पुन्हा वापरू नये, कारण लगद्यात छपाईची शाई असते. अन्न वर्तमानपत्रात गुंडाळू नये, असा इशारा भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये दिला, तोही या शाईमुळेच. पन्नास ग्रॅम कागदाला पाच लिटर पाणी हे प्रमाण चांगले बसते. लगदा एवढा पातळ असेल तरच धागे मोकळे तरंगतात आणि ताव सारखा उतरतो.

साच्यासाठी जुन्या तसबिरीच्या सारख्या आकाराच्या दोन चौकटी पुरतात. एकीवर मच्छरदाणीची जाळी घट्ट ताणून ठोकायची, दुसरी मोकळी वर ठेवायची. दोन्ही धरून लगद्याच्या टबात तिरप्या बुडवायच्या, आडव्या करून सरळ उचलायच्या आणि पाणी गळत असतानाच पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे हलकेच हलवायच्या. या हालचालीने धागे एकाच दिशेला न पडता एकमेकांत गुंततात. पाणी निथळले की वरची चौकट काढून साचा ओल्या सुती कापडावर उलटा दाबायचा आणि एका कडेने उचलायचा. ताव कापडावर राहतो. धुवून मऊ झालेले जुने धोतर किंवा साडी यासाठी सर्वांत चांगली. ताव आणि कापड यांची चवड लावून तिच्यावर फळी आणि पाण्याने भरलेली कळशी ठेवली की दाबयंत्राची गरज भासत नाही. जितका दाब अधिक तितके धागे जवळ येतात आणि कागद चिवट होतो.

कोकणातली हवा या कामात मोठी भागीदार आहे. जून ते सप्टेंबर ताव दोन-दोन दिवस ओले राहतात आणि त्यांवर बुरशीचे ठिपके येतात. ऑक्टोबरचे ऊन पडले की सकाळी काढलेला ताव संध्याकाळी कापडावरून सुटतो. म्हणून ताव ऑक्टोबर ते मे या महिन्यांत करून हवाबंद डब्यात ठेवावेत आणि पावसाळ्याचे दिवस ठशांच्या आणि चिकटकामाच्या वाट्याला द्यावेत.

एवढ्यावर थांबले तर हाती येतो तो टीपकागद. शाईचा थेंब पडला की तो फुटतो, अक्षराला मिश्या येतात. जुन्नरचा कागदी इथेच खळ लावत असे. घरी तांदळाची पातळ पेज गाळून घ्यावी, तिच्यात थोडे पाणी घालून ती ब्रशने तावाच्या दोन्ही बाजूंना लावावी, वाळवावी आणि काचेच्या गोटीने किंवा नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घोटावे. पिठाने भोके बुजतात, घोटल्याने धागे खाली बसतात आणि शाई वर राहते. पिठाला कसर लागते, म्हणून जुने कागदी खळीत हरताळ किंवा मोरचूद घालत. ही दोन्ही विषारी द्रव्ये घरच्या कामात नकोत. डब्यात वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवावा आणि ताव अधूनमधून उन्हात फिरवावेत.

शाई: काळी, जांभळी आणि फुलांची

भीमाशंकरच्या डोंगरात, जुन्नर आणि आंबेगावच्या पट्ट्यात महादेव कोळी कुटुंबे बाळहिरडा गोळा करून विकतात. या फळात टॅनिन भरपूर असते. त्याची हिराकसाशी, म्हणजे लोहाच्या क्षाराशी, गाठ पडली की काळी शाई तयार होते. चार भाग हिरड्याची पूड गरम पाण्यात रात्रभर ठेवून गाळावी, त्यात एक भाग हिराकस आणि एक भाग बाभळीचा डिंक विरघळवावा. कागदावर उतरताना ही शाई फिकट असते. हवेतल्या प्राणवायूने तिच्यातले लोह बदलते आणि काही तासांत रेष काळी होत जाते. हिराकस जास्त पडले तर हीच शाई वर्षानुवर्षांत कागद खाते, म्हणून हात आखडता ठेवावा. काम करताना हातमोजे घालावेत, आणि ही शाई फाउंटन पेनात भरू नये, ती निब गंजवते.

फुलापानांचे रंग झटपट मिळतात. कर्नाळ्याच्या जंगलात साग भरपूर आहे, आणि त्याचे कोवळे पान चुरगळले की तळहात लालभडक होतो. हळदीच्या पाण्याने पिवळा रंग येतो, त्यावर चुन्याचे किंवा सोड्याचे पाणी लावले की तिथे लाल उमटते. जास्वंदीचा अर्क लिंबाने लाल आणि सोड्याने हिरवट होतो. एकाच फुलातून दोन-तीन छटा काढताना मुलांना आम्ल आणि अल्कली यांतला फरक पुस्तकाविना समजतो. हळदीसह बहुतेक फुलापानांचे रंग उन्हात फिके पडतात, त्यामुळे ते वहीच्या आतल्या पानांसाठी चांगले, भिंतीवर लावायच्या चित्रांसाठी नाहीत.

कचेरीच्या शिक्क्याची ओळखीची जांभळी शाई मात्र पूर्णपणे कारखान्याची आहे. इंग्लंडमध्ये विल्यम पर्किन या तरुणाच्या हाती १८५६ मध्ये ॲनिलीनपासून जांभळा रंग लागला आणि कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले. मिथिल व्हायोलेट हा त्याच कुळातला पुढचा रंग शिक्क्यांच्या पॅडवर स्थिरावला. ॲनिलीनचा पनवेलशी जवळचा संबंध आहे. रसायने देशातच बनावीत म्हणून १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा कारखाना पनवेलजवळ रसायनीला होता, आणि त्याच्या उत्पादनांत ॲनिलीन होते. शाईच्या धंद्यातले मराठी नाव म्हणजे कॅम्लिन. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत ‘हॉर्स ब्रँड’ नावाने शाईची पूड आणि गोळ्या विकायला सुरुवात केली. पुढे उंटाचे चिन्ह घराघरांतल्या दप्तरात पोहोचले. आता कोकुयो कॅम्लिन म्हणून चालणाऱ्या या कंपनीचा एक कारखाना पनवेलपासून जवळच पाताळगंगा औद्योगिक वसाहतीत आहे.

विकतची शाई घेताना एक फरक लक्षात ठेवावा. रंग पाण्यात पूर्ण विरघळलेली शाई कागदात शिरते, चटकन वाळते, पण खळ न लावलेल्या तावावर पसरते आणि उजेडात फिकी होते. रंगाचे बारीक कण असलेली शाई कागदाच्या पृष्ठावर बसते, वाळायला वेळ घेते, पण कडा स्वच्छ देते. खरखरीत हातकागदाला ही दुसरी शाई मानवते. पॅड लवकर वाळू नये म्हणून त्यात ग्लिसरीन असते. जुन्या सुती कापडाच्या घड्या, घरची शाई आणि ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब घेऊन डबीच्या झाकणात पॅड घरीच तयार होते.

ठसा कोरताना

चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये गंधक आणि उष्णतेने रबर टिकाऊ करण्याची रीत सापडली, आणि रबरी शिक्के त्यानंतरच्या काही दशकांत आले. महाराष्ट्राला शिक्का मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. छत्रपती शिवाजी महाराजांची अष्टकोनी राजमुद्रा पत्राच्या माथ्यावर शाईत उमटे आणि मजकुराच्या शेवटी मोर्तबाचा शिक्का पडे, म्हणजे मध्ये कोणाला ओळ वाढवता येत नसे.

शाळेच्या चित्रकलेच्या तासाला ठसेकाम शिकलेल्यांना भेंडी आठवेल. आडवी कापलेली भेंडी पाच पाकळ्यांचे फूल उमटवते. तिचा चिकट रस कापडाने टिपून घेतला नाही तर शाई धरत नाही. बटाट्याचा कापही आधी कोरड्या कागदावर दाबून पाणी उतरवल्याशिवाय वापरू नये. पिंपळाच्या पानाचा ठसा शिरा वर आलेल्या मागच्या बाजूने घ्यावा. पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलला की आतल्या लाटा उघड्या पडतात, आणि एका तुकड्याने पाण्याची, शेताची, छपराची नक्षी छापता येते.

टिकाऊ ठशाला खोडरबर आणि धारदार कटर लागतो. अक्षर कोरायचे तर ते उलटे उमटवून घ्यावे लागते. पातळ कागदावर पेन्सिलीने लिहून तो खोडरबरावर पालथा घासला की काम होते. देवनागरीत एक सोय आहे. शिरोरेखा सलग ठेवली तर ती साऱ्या अक्षरांना धरून राहते आणि काना-मात्रांचे बारीक उभे भाग दाबाखाली वाकत नाहीत. अडचण येते ती अनुस्वाराची. एकटा ठिपका कोरताना उडून जातो, म्हणून तो वेगळा, पेन्सिलीच्या मागच्या रबराने उमटवलेला बरा. पहिल्या ठशासाठी ‘सप्रेम’ हा शब्द चांगला, ‘शुभं’ नको.

उरलेले पाणी

पनवेलपासून पस्तीस किलोमीटरवर असलेले पेण गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. शाडू आणि प्लास्टर यांच्या बरोबरीने कागदाच्या लगद्याच्या मूर्तीही बाजारात आल्या, आणि राज्य सरकारने २०११ मध्ये त्यांना उत्तेजन दिले. २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तो निर्णय बाजूला सारला. कारण असे की पाण्यात विसर्जित झालेला लगदा आणि त्यातली द्रव्ये पाण्याला अपायकारक ठरतात. कागद निसर्गातून आला म्हणून तो कसाही पाण्यात सोडावा, असे होत नाही. मूर्तीच्या बाबतीत जे खरे, ते घरच्या टबातल्या लगद्यालाही लागू आहे.

लगद्याचे पाणी मोरीत ओतले तर नळी तुंबते आणि बारीक धागे पुढे गाढी नदीत जातात. सगळे पाणी सुती कापडातून गाळावे. गाळलेले पाणी पुढच्या घाण्यात चालते. कापडावरचा चोथा पिळून त्याचे गोळे वाळवावेत, ते डब्यात वर्षभर टिकतात आणि भिजवले की पुन्हा लगदा होतो. फाटलेले ताव, चुकलेली भेटपत्रे, कातरकामाच्या पट्ट्या याच डब्यात जाव्यात. धागा प्रत्येक फेरीत आखूड होत असल्याने तिसऱ्या-चौथ्या खेपेला लगद्यात नवे बळ घालावे लागते. त्यासाठी मूठभर तपकिरी पुठ्ठा, किंवा केळ कापल्यावर उरलेले सोपट चालते. सोपटाचे बारीक तुकडे धुण्याच्या सोड्यात दोन-तीन तास उकळून, भरपूर पाण्याने धुवून आणि बत्त्याने कुटून लगद्यात मिसळावेत. हे उकळणे उघड्यावर, जुन्या स्टीलच्या पातेल्यात करावे. ॲल्युमिनियमचे भांडे सोड्याने खाल्ले जाते. केळीच्या धाग्याचा ताव किंचित सोनेरी असतो, बोटांत कुरकुरतो, आणि त्याच्यावर हिरड्याची काळी शाई फार सुरेख बसते.